वांग्याच्या बियाला पाणी

परवा ट्रेमध्ये वांग्याचं बी टाकलं. आज वरचा कागद उचलला, ओल्या मातीचा वास आला अन् सौंसरचं आमचं अंगण आठवलं.

मी लहान होते, त्या दिवशी बाबांचं नागपूरला ऑपरेशन होतं. आईनं संत्र्याच्या रिकाम्या पेटीत वांगी पेरली होती अन् मी काडीनं कोंब शोधत होते. "काहून उकरते वं? बी रुजून राहिलं ना!" आई खेकसली. नागपूरच्या बसचा हॉर्न वाजला की ती फाटकापर्यंत जायची, अन् परत येऊन पेटीत पाणी ओतायची.

बाबा बरे होऊन आले. बी मात्र सडलं. माझ्या उकरण्यानंच सडलं, असं मी इतकी वर्षं समजत आले.

आज माझ्या लेकीचं नागपूरला ऑपरेशन आहे. जावयाचा फोन अजून नाही. सकाळपासून हा चौथा तांब्या मी ट्रेमध्ये ओतून राहिले.