पोळ्याच्या जागेवर बाग

तुमच्या घराजवळ मुलांसाठी कुंपण घातलेली हिरवळ आहे, घसरगुंड्या आहेत. त्या कुणी कधी मागितल्या असतील, हे तुमच्या मनातही येत नसेल. आमच्या गावाला तशी जागा मागावी लागली. ती हकीकत लिहून ठेवते.

आम्ही नागपुरात सक्करदऱ्याला राहत होतो, पण तुमच्या आजोबांची शेती सावनेरजवळच्या एका लहान गावात होती. सणाला आणि सुट्टीत आमचा मुक्काम तिकडेच. गावाच्या मधोमध, देवळाला लागून, एक मैदान होते. कधीकाळी तिथे बाग होती म्हणत. तिची खूण म्हणून सिमेंटचे मोडके बाक आणि कण्हेरीची काही झाडे उरली होती, कारण कण्हेरीला बकऱ्या तोंड लावत नाहीत. मुले तिथेच खेळत. मैदानाला लागून रस्ता, आणि जवळ कोळशाची खाण सुरू झाल्यापासून त्या रस्त्याने सारखे ट्रक. एकदा माझ्या थोरल्या जाऊबाईंची धाकटी मुलगी चेंडूमागे रस्त्यावर धावली. ट्रक वेळेवर थांबला, मुलीला खरचटलेही नाही. पण जाऊबाई त्याच संध्याकाळी माझ्याकडे आल्या.

"तू एवढी इंग्रजी शिकली ना वं," त्या मला म्हणाल्या, "मंग सरकारले लिहून दे. लेकराईले खेळाले आडोसा पाह्यजे."

मी लिहिले. पंचायत समितीकडे लहान गावांतल्या बागांसाठी अनुदान असे. अर्जासोबत मी नकाशाही काढला: चारी बाजूंनी भिंत, आत बाके, झोपाळे, आणि गुरे शिरू नयेत म्हणून माणसापुरते फाटक. तिथल्या साहेबांना तो पसंत पडला. कुंपणाशिवाय अनुदान नाही, असा नियमच होता. आता फक्त ग्रामसभेचा ठराव हवा होता.

तिथे अडले. आमचे चुलत सासरे गावात वडीलधारे. त्यांना मी मामाजी म्हणत असे. त्यांनी नकाशा नीट पाहिला आणि मागे पदर घेऊन बसलेल्या मला विचारले, "सूनबाई, मंग पोळा कुठं भरवाचा?"

वर्षातून एकदा, पोळ्याला, गावातले सगळे बैल शिंगे रंगवून त्याच मैदानात तोरणाखाली उभे राहत. मला ते मैदान मुलांचे वाटत होते. शेतकऱ्यांना ते बैलांचे वाटत होते. दोघांचेही खरे होते.

"रस्त्यावर भरवू," सरपंच म्हणाले.

"ट्रकाच्या रांगेत बैल उभे करतं काय गा?" मामाजी म्हणाले. सभा हसली आणि ठराव राहून गेला.

लवकरच पोळा आला. आमच्याकडे तोरण तोडण्याआधी झडत्या म्हणतात. झडती म्हणजे मोठ्याने म्हणायच्या चार ओळी. त्यात कुणाचीही टर उडवावी, ऐकणाऱ्याने राग धरायचा नाही. एका तरुण शेतकऱ्याने माझ्याकडे पाहून सुरू केले:

"नागपूरच्या वहिनीनं नकाशा काढला भारी,
माणसाले फाटक अन् बैल उभे बाहेरी,
बैल म्हणे धन्याले, जाऊ कोणाच्या दारी?
हर बोला, हर हर महादेव!"

सगळे हसले, मीही हसले. बायका आमच्याकडे झडत्या म्हणत नसत, ओट्यावरून ऐकत. पण जाऊबाई बैलांच्या पूजेचे ताट हातात घेऊनच पुढे झाल्या:

"बैल येते एक दिस, लेकरं खेळते रोज,
ट्रक चाले भरधाव घेऊन कोळशाचा बोझ,
पोर चाकाखाली आली, तं कोणाले देऊ दोष?
हर बोला, हर हर महादेव!"

सगळ्यांत आधी मामाजींनी हात वर करून "हर हर महादेव" म्हटले आणि सारे मैदान त्यांच्यामागे म्हणाले.

संध्याकाळी ते आमच्या ओट्यावर आले. जाऊबाई आत जाऊ लागल्या. "थांब वं," मामाजी म्हणाले, "भर पोळ्यात मले झडती देते, अन् आता काहून लपून राहिली?"

मी म्हटले, "मामाजी, रस्त्याकडून भिंत पक्कीच हवी. पण देवळाकडच्या बाजूला भिंत नको. वावराच्या तोंडाशी आडवी लाकडे घालतात, तशी घालू. पोळ्याला काढायची."

"काढन कोण?"

"ज्याचे बैल तो."

"अन् वापस घालन कोण?"

"ज्याचे लेकरं तो," जाऊबाई म्हणाल्या.

मामाजींनी मान हलवली. ठराव झाला.

नवा नकाशा पाहून साहेब म्हणाले, "नियमात लाकडं बसत नाहीत."

"मग ते फाटक समजा."

"एवढं रुंद?"

"आमचे पाहुणे जोडीनं येतात, साहेब."

ते शेतकऱ्याच्या घरचेच असावेत. हसले आणि त्यांनी सही केली. त्यानंतर फायलीने आपला वेळ घेतलाच. सावनेरच्या बसमध्ये कंडक्टर मला ओळखू लागला. पण बाग झाली.

बागेतल्या पहिल्या पोळ्याला लाकडे निघाली, बैल आत उभे राहिले, तोरण तुटले. दुसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा, लाकडी बैलांचा. सकाळी मी गेले, तर मामाजी दोन गड्यांकडून लाकडे पुन्हा घालून घेत होते. मुले यायच्या आत सगळी बाजू बंद झाली. मग मुले आली, सजवलेले बैल ओढत. भिंतीपलीकडे ट्रक नेहमीसारखे चालले होते. जाऊबाईंची मुलगी आतल्या आत बैल पळवत होती. जाऊबाई घरी स्वयंपाकात होत्या. मुलगी कुठे आहे हे पाहायला त्या एकदाही बाहेर आल्या नाहीत.