मेक्सिकोच्या सोंगाड्याला माझा आवाज

२०२३ साल. माझं वय एकाहत्तर. धुळ्यात इरफानच्या स्टुडिओत, काचेच्या खोलीत मी हेडफोन लावून उभा होतो आणि दर वाक्याला मागे पडत होतो.

काम डबिंगचं. पडद्यावरच्या माणसाचे ओठ हलतील तेवढ्या वेळात आपलं बोलणं बसवायचं. हा माणूस मेक्सिको देशातला, सत्तर वर्षांपूर्वीच्या काळ्या-पांढऱ्या सिनेमातला विनोदी नट. लांबट तोंड, डोक्यावर बारकी टोपी. इरफानला तो आपल्या खानदेशी अहिराणीत बोलता करून मोबाइलवर टाकायचा होता. मी जन्मभर तमाशात सोंगाड्या, म्हणजे हसवणारा. शिक्षण तिसरी. इरफान वाक्य वाचून दाखवायचा, मी एकदा ऐकून म्हणायचो.

"आबा, त्यानं तोंड बंद व्हयी गयं, तुमनं आजून चालू शे," इरफान म्हणाला. "मधमा थांबतस कसाले?"

"लोके हसतीन तितला येळ नको का सोडाले?"

"आठे कोन शे हसाले?"

समोर हसणारं कोणी नाही म्हणून थांबायचं नाही, हे मला पटलं नाही. विनोद टाकला की थांबायचं, हशा ओसरला की पुढचं. तमाशात तेच केलं, तेच इथे करणार. सकाळचे दोन सीन तसेच रेकॉर्ड झाले.

दुपारी इरफानने साफ सांगितलं. संध्याकाळपर्यंत बसलं तर ठीक, नाही तर उद्या नाशिकचा आर्टिस्ट येईल आणि मी हवालदाराचा आवाज द्यायचा. हवालदाराला सगळी तीन वाक्यं. घरी शिरपूरला मी गल्लीभर सांगून आलो होतो की हिरो मीच.

"मानसे आन समोर," मी म्हणालो.

खाली टेलरचं दुकान. कलीम टेलर आणि त्याचा भाऊ वर येऊन बसले. मी बोललो, ते हसले, मी आणखी फुगवलं. पडद्यावर घोडा आला तरी माझं चालूच.

"आबा, घोडाबी तुम्हीच शेतस का?" कलीम म्हणाला.

इरफानने नाशिकला लावायला फोन काढला.

"थांब. आवाज बंद करीसन एकदाव लाव." मी रागानेच बोललो. त्या नटाला काही येतं का, ते बघायचं होतं.

आवाज नाही, तरी दोघं टेलर हसले. कुठे हसतात ते मी बघत बसलो. नट बोलून झाला की टोपी काढायचा, आत बघायचा, परत घालायचा. हसू तिथे येत होतं. हशाला त्यानेही जागा ठेवली होती, पण माझ्या जागी नाही.

मग तो टोपीत बघेल तेवढाच वेळ मी गप्प राहिलो. बाकी कुठे थांबलो नाही. दिवस मावळायच्या आत सीन बसला.

इरफानने फोन खिशात घातला. "सकाळना दोन सीनबी ऱ्हाऊ द्या, आबा. कोनलेबी समजाव नही."

मी इरफानचं ऐकलं नाही, मेलेल्या नटाचं ऐकलं. दुसऱ्याच्या तोंडून बोलायचं तर कुठे थांबायचं ते त्याने ठरवायचं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीने धुळ्याला गेलो आणि ते दोन सीन पुसायला लावले.