चष्म्याची कड

माझा चष्मा हातात घेऊन कुणी त्याची कड न्याहाळू लागलं की अजूनही माझं डोकं फिरतं.

जव्हार संस्थानच्या धान्यकोठाराची व्यवस्था तेव्हा माझ्याकडे होती. खेड्यांतून भात आणि नागली यायची. पोत्यांवर गेरूने गावाचं नाव लिहिलेलं असे. मला लांबचं धूसर दिसू लागलं, तेव्हा मुंबईला जाऊन चष्मा करून आणला. काचा मुद्दाम मोठ्या घेतल्या. तागडी, थप्पी आणि दार एका नजरेत यायला हवं होतं.

वरिष्ठांसमोर चष्मा घालणं तेव्हा उद्धटपणाचं मानत. वहाणांसारखा तोही काढून आत जायचं. त्यामुळे कचेरीतल्या आमच्या रावसाहेबांनी माझा चष्मा नेहमी माझ्या हातातच पाहिला, मिटलेला, कडेकडून.

एकदा त्यांनी तो मागून घेतला. "अरेरे! केवढी जाड ही काच! तुम्ही तर आंधळेच झालात की. माझाही चष्मा पाहा, कड कशी कागदासारखी."

त्यांचा चष्मा जवळचं वाचायचा. तसल्या काचेची जाडी मधे असते, कडेला नाही. हे सांगायला मी तोंड उघडलं, तोच त्यांनी अंगणातल्या थप्पीकडे बोट केलं. "कुठल्या गावची पोती आहेत ती?"

"चष्मा द्या, सांगतो."

"माझ्यासमोर चष्मा घालणार?"

शेजारचा कारकून खुदकन हसला. मला थप्पीच्या जागी नुसता तपकिरी डाग दिसत होता. कोठाराच्या किल्ल्या रावसाहेबांनी तिथेच ठेवून घेतल्या. चष्मा घालून मी काय पाहू शकतो, हे कुणी विचारलंच नाही!

मी तडक मुंबई गाठली आणि चष्मेवाल्यावर तोंडसुख घेतलं. तोही कमी नव्हता. "मोठ्या काचा तुम्हीच मागितल्यात, साहेब. लांबचं दिसायची काच मधे पातळ असते आणि कडेकडे जाड होत जाते. नंबर जास्त, तर कड जाड. काच मोठी, तरी कड जाड. नंबर मी कमी करू शकत नाही. काच लहान करतो."

त्याने लहान गोल काचा बसवून दिल्या. नंबर तोच.

परत येऊन कचेरीत गेलो. रावसाहेबांनी नव्या काचांची कड नखाने चाचपली. चेहरा खुलला. "वा! पातळ झाली. डोळे सुधारले म्हणायचे! घ्या तुमच्या किल्ल्या."

मुकाट्याने घ्यायला हव्या होत्या. पण माझी तळपायाची आग मस्तकाला गेली होती. त्यांच्या हातून चष्मा घेतला आणि सरळ नाकावर चढवला. कारकुनाचा टाक हवेतच थांबला.

"डोळे होते तसेच आहेत, रावसाहेब. नंबरही तोच. लहान झाली ती काच. थप्पीतली वरची पोती जामसरची. खालचं दाभोशाचं, त्याची शिवण उसवलीय आणि नागली सांडतेय. सकाळपासून कुणाला दिसलं नाही?"

"आधी तो चष्मा काढा!"

"काढला की दिसत नाही. घातला की दिसतं. आता बोला, किल्ल्या कुणाला देताय?"

रावसाहेबांनी उठून अंगणात पाहिलं. कोंबड्या नागलीवर तुटून पडल्या होत्या. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा माझ्याकडे फेकला आणि तोंड फिरवलं.

मी जुडगा उचलला, कारकुनाला सुई-सुतळी आणायला पिटाळलं आणि कोंबड्या हाकलायला अंगणात उतरलो.