पाठमोरी आत्या

अख्ख्या रायगड किनाऱ्यावर माझ्या आत्याला सलग पाच मिनिटं एका जागी बसलेलं कुणी पाहिलं असेल, तर त्याने खुशाल पुढे यावं. रेवदंड्याला तिच्या घरी गेलं की आपण पाण्याचा पेला तोंडाला लावेपर्यंत ती फाटकाबाहेर पोचलेली असते. कुठे बालवाडीची भिंत रंगवायची असते, नाहीतर चौलच्या देवळात रांगोळीचे ठिपके चुकू न देण्याची जबाबदारी तिने परस्पर घेतलेली असते. स्वतःला सरळ रेघ ओढता येत नाही. पण कुणाचा हात जरा बरा आहे असं कळलं की ही कागद घेऊन हजर. मासळी सुकवणाऱ्या बायकांनाही तिने वाळवणावरून उठवून हातात ब्रश दिले. "मासली कावलं नेतील ना, आत्या!" एकीने कुरकुर केली. "मी राखते. तू तुझा समुद्र पुरा कर," असं म्हणून आत्या खरंच काठी घेऊन उभी राहिली. म्हणजे उभी कसली, दर मिनिटाला चित्र बघायला धावत होती. तेवढ्यात मांजराने दोन बांगडे लांबवले.

गेल्या हिवाळ्यात याच बायकांनी शाळेच्या सभागृहात तिच्या सन्मानासाठी चित्रांचं प्रदर्शन भरवलं. विषय एकच, आत्या. सत्काराच्या खुर्चीत मी तिला अक्षरशः दाबून बसवलं होतं. पाहुण्यांचं पहिलं वाक्य संपायच्या आत ती उठली आणि तिरकी टांगलेली चित्रं सरळ करत सुटली. पाचव्या चित्रापाशी मात्र थबकली. परत पहिल्यापासून बघत आली. कुठे रिक्षात चढणारी पाठ, कुठे शिडीवरची पाठ, कुठे नुसताच अंबाडा आणि उडालेला पदर.

"अगं, माझं तोंड कुठंय?"

सभागृह खो खो हसलं. कावळ्यांची धास्ती घेतलेली ती बाई कागद-कोळसा घेऊन पुढे आली. "तोंड कसं काढू? तू कवा थांबलीस आमच्या म्होरं? आता बस बघू."

आत्याने सुटकेच्या आशेने माझ्याकडे पाहिलं. मी खुर्ची पुढे सरकवली. ती बसली. पाय हलत होता, बोटं पदराशी चाळा करत होती. बाईचा कोळसा कागदावर फिरत राहिला आणि हळूहळू पाय थांबला. तेव्हा मला दिसलं, तिची मान बारीक थरथरते आहे, गाल आत गेले आहेत. हे कधी झालं? इतकी वर्षं तिच्यामागे धावताना मीही तिला नीट पाहिलं नव्हतं.

"झालं का गं?" ओठ न हलवता तिने विचारलं.

"न्हाय अजून," बाई म्हणाली.

चित्र पुरं झालेलं मला दिसत होतं. मी आत्याकडे बघत राहिलो.