फक्कीचा महामार्ग

जे अजून झालेले नाही, त्याबद्दल तात्या वर्तमानकाळात बोलत. निमगाव केतकीबाहेरच्या त्यांच्या वस्तीवर कोणी आले की समोरच्या मोकळ्या रानाकडे बोट दाखवून ते सांगत, "हितनं महामार्ग जातो. जरा आत सरकून बसा, धूळ येती." पाहुणा बघे, तर समोर ज्वारी, एक जुना कडुलिंब, त्यापलीकडे ओढा. वाहन एकही नसे. तरीही बहुतेक पाहुणे खुर्ची सरकवून घेत.

तात्यांची सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून झाली, बरीचशी इंदापूर-बारामती फेऱ्यांवर. निवृत्तीनंतर बस सुटली, बोलण्यातून सुटली नाही. ग्रामसभेत पाण्याची टाकी असो की शाळेची खोली, ते एकच मुद्दा मांडत. दारात गर्दी करणाऱ्याला फक्त स्वतःचा स्टॉप दिसतो, असे त्यांचे निरीक्षण होते. "पुढच्या स्टॉपवर माणसं उभी हायेत," ते म्हणत. "ती दिसत न्हाईत म्हणून काय झालं? आत्ताच आत सरका."

महामार्गाची पहिली जनसुनावणी इंदापुरात झाली. बारामतीच्या एका दैनिकासाठी मी ती बातमी करत होतो. कोणाचे किती रान जाणार, यावरच बहुतेक लोक बोलले. तात्यांनी वेगळे विचारले. रस्ता झाल्यावर वस्तीने पलीकडे कसे जायचे? घरे एका बाजूला होती. निम्मे रान, ओढा आणि स्मशानभूमी दुसऱ्या बाजूला. नकाशात कडुलिंबाजवळ एक बोगदा दाखवला होता, पण तो ठेंगणा होता. माणूस आणि जनावर जाईल, भरलेली ट्रॉली नाही. तिला फाट्यावरून लांबचा वळसा पडणार होता. अधिकारी शांतपणे म्हणाले की पुढच्या सुनावणीपर्यंत हरकती घेता येतील, तेव्हा नेमकी अडचण काय ती दाखवा.

तात्यांनी 'दाखवा' हा शब्द तसाच उचलला. ज्वारी निघाल्यावर त्यांनी कबड्डीचे मैदान आखायची फक्की आणली आणि रिकाम्या रानात महामार्गाच्या दोन्ही कडा आखल्या. कडुलिंबापाशी दोन बांबू रोवून बोगद्याच्या उंचीवर आडवी दोरी बांधली. नियम एकच होता. सुनावणीपर्यंत पांढरी रेघ कोणी ओलांडायची नाही. पायी जाणाऱ्याने दोरीखालून जायचे, भरल्या ट्रॉलीने फाट्यावरून.

वस्तीने हे आधी गंमत म्हणून पाळले. शेजारचे बापूराव रोज चिडवायला येत. "तात्या, कोंबड्यांना नोटीस दिली का?" तात्यांनी गंभीरपणे सांगितले, "त्यांची हरकत अजून आलेली न्हाय."

मग हळूहळू गंमत सरली आणि रस्ता उरला. सकाळी धुक्यात रान नाहीसे होई आणि त्या दोन रेघा तेवढ्या तरंगत राहत. बायका रेघेपाशी थांबून उजवीकडे, डावीकडे बघत आणि मग दोरीकडे वळत. एकदा बापूरावांचा बैल रेघेवर अडून उभा राहिला, तर ते घाईघाईने त्याला मागे ओढू लागले. कशाला, ते त्यांना नंतर सांगता आले नाही.

एका सकाळी तात्यांच्या पत्नी, ज्यांना सगळी वस्ती काकू म्हणे, कडब्याचा भारा डोक्यावर घेऊन दोरीपाशी आल्या. भारा अडला. त्या वाकल्या, तरी अडला. शेवटी गुडघ्यांवर बसून पलीकडे गेल्या. "माझ्याच रानात मी रोज गुडघं टेकू व्हय?" त्यांनी विचारले.

पुढे एक तरुण अभियंता पाहणीला आला. त्याने रेघा पाहिल्या, नकाशा पाहिला आणि संकोचून सांगितले की महामार्ग कडुलिंबाच्या दुसऱ्या अंगाने जातो. तात्यांनी नकाशा उलटा धरला होता. ते झाडाखाली बसून हसत सुटले. "म्हंजी इतकं दिवस आमी दुसऱ्याच महामार्गाला भ्यालो." अभियंत्याने टेप काढला, दोघांनी मिळून नव्या रेघा ओढल्या, बांबू हलवले. मग अभियंता कडब्याने भरलेल्या ट्रॉलीवर चढून बसला आणि त्याने ती दोरीकडे न्यायला सांगितली. दोरी त्याच्या पायांखाली कडब्यातच रुतली. खाली उतरून त्याने ती उंची वहीत लिहून घेतली.

दुसऱ्या सुनावणीत काकूंनी आपला गुडघ्यांचा प्रश्न पुन्हा विचारला. तात्या त्यांच्यानंतर उठले. "आमची पोरं ट्रॅक्टर चालवत्यात. त्यांच्या पोरांचं वाहन केवढं आसंल, मला ठावं न्हाय. तेवढी जागा ठेवा."

सुधारित आराखडा काही महिन्यांनी आला. बोगद्याची उंची वाढवली होती. तात्यांनी तो कागद एकदा पाहिला, शिडी घेतली, दोरी सोडली आणि बांबूंच्या शेंड्याला बांधली. फक्की पावसात वाहून गेली होती. नांगरट झाली, ज्वारी आली, गेली. महामार्गाचे काम अजून सुरू झालेले नाही. बांबूंवर दोडक्याचा वेल चढला.

गेल्या हिवाळ्यात तात्या गेले. त्या सकाळी धुके होते आणि रान रिकामे होते. घरापासून ओढ्याकाठच्या स्मशानभूमीपर्यंत सरळ पायवाट जाते. तिरडी घेतलेले लोक त्या वाटेने निघाले आणि रानाच्या मध्यावर, जिथे कधीकाळी रेघ होती, तिथे थांबले. कोणी सांगितले नव्हते. त्यांनी उजवीकडे पाहिले, डावीकडे पाहिले आणि ते कडुलिंबाकडे वळले. मागची माणसेही वळली.

बांबूंपाशी पुढचा खांदेकरी सवयीने वाकू लागला.

"वाकू नगं," मागून बापूराव हळूच म्हणाले. "उंची वाढवून दिलीया."

तो ताठ झाला. तात्या दोरीखालून सरळ गेले.