चुन्याखालची यादी

सून उलथन्यानं भिंत खरवडत होती आणि चुन्याच्या पापुद्र्याबरोबर तिची अक्षरंही खाली पडत होती. मी दारात उभी होते. चुना मीच दिला होता.

मुलगा वारल्यावर सून माझ्याजवळ निरगुडसरलाच राहिली. मायेनं नव्हे. तिचं कंपनीचं काम घरून चालत होतं म्हणून. कोपऱ्यातला जुना संगणक कंपनीचा प्रोग्राम आपोआप जुळवून तयार करायचा. त्याला ती बिल्ड म्हणायची.

"आत्या, नुसता कोड असून भागत नाही," ती सांगायची. "मशीन कुठलं, त्यात कशाची कितवी आवृत्ती, सेटिंग काय, सगळं लिहून ठेवावं लागतं. नाहीतर परत तसंच होत नाही."

मला पटलं. विरजण तेच असलं तरी मडकं बदललं की दही बदलतं.

ती वहीत लिहायची. वही उंदरांनी कुरतडली. मी म्हणाले, "भिंतीवर लिही की. म्हशीच्या गाभणीच्या तारखा मी तिथंच लिहिते. भिंत काय उंदीर खातोय व्हय?"

"कंपनीत कळलं तर हसतील मला," ती म्हणाली. पण पेन्सिलीनं लिहिलं. कंपनीच्या सिस्टिमवर नंतर चढवणार होती, ते राहून गेलं.

घट बसायच्या आधी आमच्याकडं घर धुऊन भिंतींना चुना देतात. ती माहेरी, आणे गावी गेली होती. म्हशीच्या तारखा मी आधी कागदावर उतरवून घेतल्या. तिच्या ओळी इंग्रजीत. तिनं उतरवल्या असतील, असं धरलं. फोन केला नाही.

दिवाळीनंतर विजेचा दाब वाढून संगणक जळाला. नेमकं तेव्हाच कंपनीनं जुना बिल्ड पुन्हा तसाच करून मागितला. नव्या संगणकावर तो होईना.

"मॅडम, नोंद कुठंय?" फोनवर साहेबानं विचारलं.

"भिंतीवर होती."

तो हसलेला मलाही ऐकू आला.

मग तिनं उलथनं घेतलं. एकही ओळ हाती लागली नाही.

"म्हशीचं तेवढं जपलंत, आत्या."

"मला काय ठावं व्हतं?"

"विचारायचं व्हतं."

मी खाली पडलेला चुना सुपलीत भरू लागले.

महिन्याभरात तिचं काम गेलं. तिनं पुण्यात नोकरी धरली, खोली घेतली. सणाला येते, दुसऱ्या दिवशी जाते. कंपनीत त्या बिल्डची आठवणही कुणाला नसेल. भोगलं ते आम्ही दोघींनी, तिनं आणि मी.