चटणीतलं आळं

आमच्याकडे ताटात चटणी वाढली की तिच्यात अंगठ्यानं आळं करायचं आणि त्यात कच्चं तेल ओतायचं, अशी पद्धत. चटणी शेंगदाण्याची असो, कारळाची असो की जवसाची, भाकरी मोडायच्या आधी तेल. पणजोबा निजामाच्या काळात मराठवाड्यातून इकडे हैदराबादेत नोकरीला आले, तेव्हा सोबत बाकी काय आणलं कोण जाणे, ही सवय मात्र आणली. चार पिढ्यांत आमच्या बोलण्यात हौ-नक्को शिरलं, जेवणात बगारा बैंगन शिरलं, पण चटणीतलं आळं तसंच राहिलं. माझ्या ताटातलं फक्त वर्षागणिक मोठं होत गेलं.

भाजीवर तर्री दिसली नाही तर मी तक्रार करत नसे. मी मुळातच कमी बोलतो. नुसता चमच्यानं वाटीतली भाजी ढवळून बघायचो. बायकोला तेवढं पुरे व्हायचं, दुसऱ्या दिवशी तर्री यायची. सणाला वनस्पती तुपातलं तळण असायचं. खाल्लं आम्ही दोघांनी, पण मी काटकुळाच राहिलो आणि ती फुगत गेली, कारण पातेल्यात उरलेलं संपवायचं काम तिचं होतं. वजनावरून मी तिला कधी टोचून बोललो नाही, याचा मला काही वर्षं अभिमानसुद्धा होता. रस्त्यानं मात्र मी तिच्या दहा पावलं पुढे चालायचो. बरकतपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत सगळ्यांना ते दिसत होतं. तिलाही.

पण लिहायला बसलो आहे ते याहून वाईट गोष्टीसाठी.

मुलीच्या लग्नाला महिना राहिला असताना माझ्या ऑफिसात कर्मचाऱ्यांची आणि त्यांच्या जोडीदारांची तपासणी झाली. आठ दिवसांनी दोन लिफाफे माझ्या टेबलावर आले. माझ्यात काही नव्हतं. तिच्या कागदावर खाली लिहिलं होतं की हृदयाच्या आलेखात थोडा फरक आहे, तज्ज्ञांना दाखवून घ्यावं. सोबत आलेखाची पट्टी टाचलेली. मी सरकारी नोकर, कागद दाबून ठेवणं मला शिकवावं लागत नाही. मनाशी म्हटलं, लग्न होऊ दे, मग बघू. घरी आल्यावर तिनं विचारलं, "अहो, माझं काय आलं?"

"नॉर्मल. वजन कमी करा म्हणतात."

म्हणजे खोटं तर बोललोच, वर दोष तिच्या अंगावर टाकला. लग्न झालं. मग सांगायचं तर इतके दिवस का नाही सांगितलं हेही सांगावं लागणार, म्हणून ते राहिलं. लिफाफा मी उरलेल्या लग्नपत्रिकांच्या खोक्यात, तळाशी ठेवला. तिथे तो पावणेतीन वर्षं होता.

गेल्या वर्षी नारायणगुड्यात एका दुकानाचा जिना चढताना ती मधेच बसली. पायरीवर, लोकांच्या वाटेत. सोबत मुलगी होती, मी नव्हतो. मुलीनं तिला तसंच आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. रक्तदाब वाढलेला, रक्तातली चरबी वाढलेली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, वजन उतरवा म्हणाले, वनस्पती बंद, तळण बंद, एकूण तेलच कमी करा, आणि जमलं तर त्यातलं काही ऑलिव्हचं वापरा. घरी येऊन मुलीनं हे सगळं सांगितलं. मी त्यातलं शेवटचं तेवढं ऐकलं. ऑलिव्ह! करण्यासारखं काहीतरी मिळालं. लिफाफ्याबद्दल बोलायची गरज न पडता करता येईल असं काहीतरी.

त्याच संध्याकाळी मी हिरवी मोठी बाटली घेऊन आलो. बायकोनं बूच काढून वास घेतला.

"हे तर जैतूनचं तेल! लेकीला बाळपणी चोळायला तुम्ही त्या युनानी दवाखान्याशेजारून डबी आणायचात, तेच."

"हो. आता खायचं."

"चोळायचं राहिलं म्हणून आता पाजताय होय मला?" ती हसली. तिला बरं वाटलं होतं. मी आपण होऊन तिच्यासाठी काही आणलं, याची तिला सवय नव्हती. तिचं ते बरं वाटणंच मला बघवेना.

मग मी त्या तेलाच्या मागेच लागलो. सकाळी रिकाम्या पोटी तिला एक चमचा. वरणावर तुपाची धार असायचीच, तिच्या जोडीला ऑलिव्हची. भातावर, उपम्यावर, दह्यात. चटणीतल्या आळ्यात शेंगदाण्याचं तेल असायचंच, त्यावर हे. एका रविवारी मी हट्टानं पुऱ्यासुद्धा त्यात तळायला लावल्या, म्हटलं आता खा बिनधास्त, हृदयाला चांगलं असतं. मुलगी घरी आली की म्हणायची, "बाबा, आईला तुम्ही लोणचं समजताय का? वर तेलाचा थर हवाच!" मी हसण्यावारी न्यायचो. प्रायश्चित्त करताना माणूस प्रमाण बघत नाही.

तीन महिन्यांनी वजन केलं तर ते वाढलेलं.

डॉक्टरांनी आम्हाला एका आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. तरुण तेलुगू बाई, आमच्याशी हैदराबादी हिंदीत बोलत होत्या. काय काय खाता, विचारलं. बायको मला सांभाळून घेत म्हणाली, तेल थोडंच असतं. बाईंनी विचारलं, थोडं म्हणजे किती, आणि मी मोठ्या कौतुकानं ऑलिव्हची सगळी यादी सांगितली. त्यांनी कपाळाला हात लावला.

"अय्यो अंकल! आप तो टॉनिक समझ के पिला रहे अम्मा को. बदले में डालना था, ऊपर से नहीं!"

मग त्यांनी नीट समजावलं. या तेलातली चरबी चांगल्या जातीची. वनस्पती, तूप, तळण यांच्या जागी ती आली तर रक्तातली वाईट चरबी उतरायला मदत होते आणि रक्तवाहिन्यांना ती सोसते. पण जागी आली तरच. लठ्ठ माणसाला तेल म्हणजे तेलच, चमच्याचमच्यानं अंगावर चढतं, मग ते कुठल्या का देशाचं असेना. एकटी बाटली काही करत नाही, तिच्याबरोबर भाज्या, डाळी आणि चालणं लागतं. आणि ऑलिव्हचंच पाहिजे असंही नाही, शेंगदाण्याचंही चालेल, माणशी दिवसाला तीन चहाचे चमचे, सगळं धरून. तळण्यात ते घालवण्यापेक्षा कच्चं घ्यावं.

"आप लोगां में कच्चा खाते क्या?" त्यांनी विचारलं.

बायको पहिल्यांदा खुर्चीत सरसावून बसली. "हौ मॅडम, चटनी पे!"

"बस, वहीच करना. चम्मच नाप के."

घरी परतताना ती खुशीत होती. तिच्या माहेरच्या-सासरच्या सवयीतली एक तरी गोष्ट डॉक्टरी निघाली होती. पण त्याच आठवड्यात डॉक्टरांनी तिचा आलेख काढला. त्यांचा चेहरा बदलला आणि त्यांनी हृदयाच्या तज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली.

तज्ज्ञांनी पट्टी उजेडात धरली आणि विचारलं, "याआधीचा एखादा ईसीजी आहे का? हा फरक जुना असेल तर एक विचार करता येईल. नवा असेल तर थांबण्यात अर्थ नाही."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. घरचे कागद माझ्याकडे असतात.

"नाही," मी म्हणालो.

पुढच्या मंगळवारी नळी घालून तपासायचं ठरलं. त्याचा एक फॉर्म होता, त्यावर तिनं सही केली. रिक्षात ती एवढंच म्हणाली, "नॉर्मल होतं की हो तेव्हा. तीन वर्षांत एवढं कसं बिघडलं? माझंच चुकलं, जिभेवर ताबा नाही."

त्या वाक्यानंतरही मी दोन दिवस गप्प राहिलो. हेसुद्धा लिहितो आहे, कारण ते खरं आहे.

रविवारी सकाळी ती गॅससमोर शेंगदाणे भाजत होती. एवढे कशाला, मी विचारलं. म्हणाली, "मी दवाखान्यात असताना तुम्हाला चटणी लागेल ना. आठ दिवसांची करून ठेवते. भाकऱ्या लेक आणून देईल."

मी आतल्या खोलीत गेलो, खोकं काढलं, पत्रिका उपसल्या आणि लिफाफा तिच्यासमोर धरला. "तुझा आहे. लग्नाच्या वेळचा. नॉर्मल नव्हता. मी लपवला."

ती म्हणाली, "थांबा, दाणे करपतील." चांगली दोन मिनिटं ती दाणे परतत राहिली. गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि तो कागद उभ्यानं वाचला. परत वाचला.

"लग्नात कार्यालयाचा जिना मी दहादा चढले-उतरले," ती म्हणाली. "वऱ्हाडाचा चहा वर, आहेर खाली. तुम्ही खुर्चीवर बसून बघत होतात."

"हो."

"माहीत असून."

"हो."

"आणि मी उपास करत बसले. वजनानंच झालं म्हणून."

ती रडली नाही. दाणे ताटात ओतून सालं पाखडू लागली. चटणी त्या दिवशी झाली, पण माझ्या ताटात तिनं नुसता सांडगा ठेवला. पुढे आठवडाभर ती माझ्याशी थेट बोललीच नाही. "बाबांना सांग, गोळ्या संपल्या," असं फोनवर मुलीला सांगायची, मी समोर असताना. मुलगी मला फक्त एकदा म्हणाली, "बाबा, माझ्या लग्नाचं कारण पुढे करू नका हां. प्लीज." ते सर्वांत जास्त लागलं.

दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, तज्ज्ञांकडे ती स्वतः बोलली. "जुना कागद आहे. ह्यांनी लपवून ठेवला होता." डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवून ते बराच वेळ बघत राहिले. फरक जुनाच होता, वाढलेला नव्हता. त्यांनी मंगळवारची तपासणी तूर्त थांबवली, सोनोग्राफीसारखी एक आणि चालत्या पट्ट्यावरची एक, अशा दोन तपासण्या करून घेतल्या. हृदयाचं काम ठीक निघालं, ताण मात्र होता. गोळ्या, मापात खाणं आणि रोज चालणं, सहा महिन्यांनी पुन्हा या, म्हणाले. जाता जाता मला म्हणाले की हा कागद वेळेवर आला असता तर हेच उपाय तीन वर्षांपूर्वी सुरू झाले असते. माझं नशीब की आलेख वाढला नाही. त्यात माझं कर्तृत्व काही नाही, आणि सुटकाही नाही.

चालायला सुरुवात झाली त्या सकाळी ती आठवड्यानंतर पहिल्यांदा माझ्याशी थेट बोलली. चपला घालताना म्हणाली, "तुम्ही मागून चालायचं."

"बरोबर चालतो की."

"नक्को. मागून. कसं वाटतं बघा."

तेव्हापासून मी मागून चालतो. सुरुवातीला ती कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत जाऊन थांबायची. मी दहा पावलांवर थांबायचो. तिचा श्वास परत जागेवर येताना खांदे कसे खाली येतात, हे मी तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा पाहिलं. आता ती नारायणगुड्यापर्यंत न थांबता जाते. गल्लीतल्या एका म्हाताऱ्या शेजाऱ्यानं मला परवा हाक मारली, "क्या मियाँ, आजकल बेगम के पीछे पीछे?" मी काही बोलायच्या आत ती पुढूनच म्हणाली, "सजा काट रहे हैं, चाचा."

स्वयंपाकघरात हिरवी बाटली आहेच, पण आता लहान. शेजारी शेंगदाण्याचं तेल. सकाळीच ती सहा चमचे मोजून एका वाटीत काढते, दोघांचं दिवसाचं. फोडणी त्यातूनच, आणि फोडणीतून वाचेल ते चटणीवर. तर्री गेली. मी वाटी ढवळून बघायचं सोडलं. अंबाडीची भाजी इतक्या थोड्या तेलात होते आणि चांगली लागते, हे मला या वयात कळलं. ऑलिव्हचा वास तिला अजून पसंत नाही, पण कारळाच्या चटणीत तो लपतो म्हणते. चटणीतलं आळं ती आता अंगठ्यानं करत नाही, करंगळीनं करते. महिनाभरानं कधीतरी तिनं माझ्या ताटातही तसंच केलं आणि त्यात अर्धा चमचा तेल घातलं. मी ते भाकरीच्या शेवटच्या तुकड्यानं पुसून खाल्लं.

सहा महिन्यांनी आम्ही पुन्हा तज्ज्ञांकडे गेलो. रक्तातली चरबी उतरली होती, रक्तदाब जागेवर होता, वजन काही किलो घटलं होतं, आलेख होता तसाच. डॉक्टरांनी कागदावर सगळं लिहून दिलं. बाहेर फुटपाथवर आल्यावर लिफाफा तिनंच उघडला, घरात येणारा प्रत्येक लिफाफा आता तीच उघडते. चष्मा घरी राहिला होता. कागद माझ्या हातात दिला.

"वाचा. मोठ्यानं."

लोक येत-जात होते. मी एकेक ओळ मोठ्यानं वाचली आणि कागदाची घडी घालू लागलो.

"खाली अजून काहीतरी आहे," ती म्हणाली. "मला काळं दिसतंय."

होतं. मी ते खरोखर गाळलं होतं, जुन्या सवयीनं, आणि थोडं माझ्या जिभेसाठीही.

"तेल पुढेही तेवढंच," मी वाचलं. "माणशी तीन चमचे. वाढवू नये."

"अस्सं," ती म्हणाली, कागद माझ्याकडून घेऊन पर्समध्ये ठेवला आणि चालू लागली. दहा पावलं गेली असेल. मग थांबली. दम लागला म्हणून नव्हे, मी कुठवर आलो ते बघायला.